बिऱ्हाडाबरोबर नावही हलावे : कल्याण कॅम्प ते बदलापूर, मतदारयादीची पंचाहत्तर वर्षे

१/
आजचा धागा एका कोरड्या वाटणाऱ्या दस्तऐवजाविषयी आहे : मतदारयादी. कल्याणहून कर्जतकडे निघालेली लोकल विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्थानके एकामागून एक घेत जाते. या पट्ट्यातील बहुसंख्य घरांचा इतिहास हा स्थलांतराचा इतिहास आहे. कोणी कराचीहून आले, कोणी लालबाग-परळहून, कोणी सातारा-रत्नागिरीहून, कोणी मराठवाड्यातून. म्हणून एक प्रश्न इथे इतर कुठल्याही ठिकाणापेक्षा अधिक टोकदार होतो. बिऱ्हाड हलते तेव्हा मतदारयादीतील नाव हलवण्याची जबाबदारी कोणाची? माणसाची की राज्यसंस्थेची? या प्रश्नाला १९४८ साली एक उत्तर दिले गेले होते. ते आजच्या व्यवहारापेक्षा अधिक न्याय्य होते, असे माझे मत आहे. ते का, हे पुढे मांडतो.

२/
प्रथम थोडे मागे जाऊ. मराठेशाहीतील गावगाड्यात शेतकऱ्यांचे दोन ठळक वर्ग होते : मिरासदार आणि उपरी. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची. गावच्या गोतसभेत त्याला स्थान होते आणि महजरावर त्याची साक्ष पडत असे. उपरी म्हणजे बाहेरून येऊन कराराने जमीन कसणारा. तो त्याच मातीत घाम गाळी, पण गावच्या निर्णयात त्याचा आवाज नसे. दुष्काळाने परागंदा झालेला मिरासदार पुष्कळ वर्षांनी परतला तरी त्याची मिरास त्याला परत मागता येई. उपऱ्याचे तसे नव्हते. हक्क माणसाला नव्हता, त्याच्या मुळाला होता. ‘उपरा’ हा शब्द आजही आपण कोणत्या सुरात उच्चारतो, ते आठवून पाहावे.

३/
ब्रिटिश काळात मताचा अधिकार आला, पण तोही स्थावराला चिकटून. १९३५ च्या भारत सरकार कायद्यानुसार मतदार ठरत असे तो सारा, कर, घरभाडे, शिक्षण अशा अटींवरून. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकांत सुमारे ३ कोटी लोकांनाच मताधिकार होता. अशी यादी तयार करणे कारकुनाच्या दृष्टीने सोपे काम होते, कारण तिचा बराचसा कच्चा माल सरकारी दप्तरातच पडलेला असे. ज्याच्या नावे सारा भरला जातो तो सापडणारच. जो आज या चाळीत, उद्या त्या गावी, त्याला शोधण्याची कोणाला गरजच नव्हती. फिरस्त्या माणसाचा प्रश्न त्या यादीने सोडवला नाही. तिने तो माणूसच गणतीतून वगळला.

४/
स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. राज्यघटना पूर्ण होण्याची वाट न पाहता संविधान सभेच्या सचिवालयाने नोव्हेंबर १९४७ पासूनच सर्व प्रौढांच्या मतदारयादीची तयारी हाती घेतली. घटनात्मक सल्लागार बी. एन. राव यांच्या देखरेखीखाली हे काम चालले होते. १९३७ चे ३ कोटी मतदार पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत सुमारे १७ कोटी ३० लाख झाले. घराघरांत जाऊन ही नावे लिहिली गेली. तपशिलात रस असणाऱ्यांनी ऑर्नित शानी या इतिहासकार बाईंचे संशोधन अवश्य वाचावे. कारकून, तलाठी आणि सामान्य नागरिक यांच्या पत्रव्यवहारातून भारतीय लोकशाही कशी घडली, हे त्यांनी दाखवून दिले आहे.

५/
मार्च १९४८ मध्ये प्रांतांना सविस्तर सूचना गेल्या. मतदाराचे वय १ जानेवारी १९४९ रोजी २१ पूर्ण असावे आणि आधीच्या वर्षात त्याचे त्या ठिकाणी किमान १८० दिवस वास्तव्य असावे, अशी चौकट होती. नियम वाजवी होता. मतदारसंघाच्या निवडीत सहभागी व्हायचे तर माणूस तिथे राहणारा हवा, हे कोण नाकारील? पण त्याच वेळी फाळणीमुळे घरदार सोडून आलेले लाखो लोक स्टेशनांवर, धर्मशाळांत आणि लष्करी छावण्यांत पडलेले होते. आज एका छावणीत तर दोन महिन्यांनी दुसऱ्या. १८० दिवसांचा हिशेब त्यांनी कुठून द्यावा? कोणत्या घराचा दाखला आणावा?

६/
निर्वासितांच्या संघटनांनी सचिवालयाला पत्रे लिहिली. स्थानिक अधिकारी आमची नावे घेत नाहीत, ही तक्रार त्यांत होती. यावर दिल्लीने जो निर्णय दिला, तो मला आपल्या प्रशासनाच्या इतिहासातील थोर निर्णयांपैकी एक वाटतो. निर्वासिताने ‘मी या गावी किंवा शहरी कायम राहणार आहे’ असे नुसते निवेदन केले, तरी त्याचे नाव प्राथमिक यादीत घ्यावे. तो तिथे प्रत्यक्ष किती दिवस राहिला, हे पाहू नये, असा तो आदेश. पुराव्याचा भार राज्यसंस्थेने माणसाच्या खांद्यावरून उतरवला आणि त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला. तोही कोणत्या काळात? देशात संशयाचे आणि भीतीचे वातावरण सर्वाधिक दाट होते, त्या काळात.

७/
आता आपल्या पट्ट्याकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैनिकांसाठी मोठी छावणी उभारली होती. तिचे पाच भाग होते, म्हणून आजही उल्हासनगरात ‘कॅम्प नंबर एक’ ते ‘कॅम्प नंबर पाच’ अशीच ओळख सांगतात. सिंधमधून कराची बंदरातून मुंबईला उतरलेल्या निर्वासितांना या रिकाम्या बराकींत ठेवण्यात आले. हळूहळू सुमारे एक लाख लोक तिथे वसले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते वसाहतीची कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. निर्वासितांचे नाव यादीत कसे घ्यावे, हा खल चालू होता ते वर्ष आणि हे शहर जन्मले ते वर्ष यांत जेमतेम बारा महिन्यांचे अंतर आहे.

८/
इथे एक काळजी घेतली पाहिजे. निवेदनावर नाव नोंदणे म्हणजे नागरिकत्वाची सोडवणूक नव्हे. पाकिस्तानातून आलेल्यांचे नागरिकत्व पुढे घटनेच्या अनुच्छेद ६ ने ठरवले आणि त्यात १९ जुलै १९४८ ही तारीख निर्णायक मानली. त्या दिवशी किंवा त्यानंतर आलेल्यांना अर्ज करून स्वतंत्र नोंदणी करावी लागे. म्हणजे सरकारने डोळे मिटून कोणालाही आत घेतले नाही. क्रम मात्र लक्षात घ्यावा. आधी नाव प्राथमिक यादीत, मग पडताळणी. बराक क्रमांक हाच ज्याचा पत्ता, त्यालाही सातबारा किंवा घरपट्टीची पावती दाखवण्याची गरज नव्हती. कल्याण, कोल्हापूरजवळचे गांधीनगर, देवळाली, पिंपरी अशा वसाहतींतील माणसांना हा नियम केवढा मोठा होता, याची कल्पना करता येते.

९/
त्याच काळाची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर इतिहास गोडगोड होईल. अनेक प्रांतांत स्त्रियांची नावे ‘अमक्याची पत्नी’, ‘तमक्याची मुलगी’ अशी नोंदली गेली होती. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी स्वीकारण्यास नकार दिला. नाव दुरुस्त करून घेण्यास मुदतवाढ दिली, तरी शेवटी सुमारे २८ लाख स्त्रिया यादीबाहेर राहिल्या. तत्त्व म्हणून सेन बरोबर होते, कारण स्त्रीला स्वतःचे नाव असलेच पाहिजे. पण एखाद्या नोंदीतील दोषाचे प्रायश्चित्त ती नोंद ज्याची आहे त्यालाच घ्यावे लागते, हेही तिथे दिसले. यादी शुद्ध झाली आणि २८ लाख मतदार कमी झाले. शुद्धीची किंमत कोण देतो, हा प्रश्न तेव्हापासून आपल्यासोबत आहे.

१०/
पुढे १९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा आला. त्यातही प्रथम १८० दिवसांच्या वास्तव्याची अट होती. १९५८ च्या दुरुस्तीने ती गेली आणि ‘सर्वसाधारण रहिवासी’ एवढीच कसोटी उरली. कलम २० या कसोटीचा अर्थ सांगते. केवळ घर मालकीचे आहे किंवा ताब्यात आहे, एवढ्यावरून कोणी त्या मतदारसंघाचा रहिवासी ठरत नाही. तसेच, तात्पुरते बाहेर गेल्याने कोणाचे रहिवासित्व संपत नाही. मिरासदार आणि उपरी यांच्यातील भिंत कायद्याने इथे पाडली आहे. वतनवाडीत चिरेबंदी वाडा असला तरी मत तिथे नाही. भाड्याच्या एका खोलीत राहात असाल तरी मत जिथे राहता तिथलेच.

११/
याच कायद्याची कलमे १७ आणि १८ सांगतात की एका माणसाचे नाव एकाहून अधिक मतदारसंघांत नसावे आणि एकाच मतदारसंघात दोनदाही नसावे. जाणूनबुजून खोटे निवेदन केल्यास कलम ३१ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. कलम २२ नोंदणी अधिकाऱ्याला नोंद दुरुस्त करण्याचे, हलवण्याचे आणि वगळण्याचे अधिकार देते. मात्र माणूस मतदारसंघ सोडून गेला, या कारणाने नाव वगळायचे असेल तर त्याला म्हणणे मांडण्याची वाजवी संधी आधी दिली पाहिजे, असे ते बजावतेही. कायद्याचे शब्द समतोल आहेत. अडचण त्यांच्या वापरात आहे.

१२/
उल्हासनगरचे उदाहरण घ्या. सुमारे तेरा चौरस किलोमीटरच्या या शहरात २०११ च्या जनगणनेनुसार पाच लाखांहून अधिक लोक राहात होते. बराकींच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांतील कित्येक परवानगीविना. त्या नियमित करण्यासाठी राज्याला २००६ मध्ये खास या शहरासाठी कायदा करावा लागला. मे २०२१ मध्ये इमारतींचे स्लॅब कोसळून इथे जीवितहानी झाली. धोकादायक ठरलेली इमारत रिकामी होते तेव्हा माणूस पत्ता बदलत नाही, पत्ताच नाहीसा होतो. कोणी बहिणीकडे जातो, कोणी भाड्याने, कोणी टिटवाळ्याला. आपण इथे परतू, अशी आशा मनात असते. यादीच्या भाषेत तो ‘स्थलांतरित’. त्याच्या स्वतःच्या भाषेत तो अजून त्याच कॅम्पचा.

१३/
अंबरनाथ आणि बदलापूरची गोष्ट वेगळी. शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख मिरवणाऱ्या शिवमंदिराच्या या गावी विसाव्या शतकात आगपेट्यांचा कारखाना, दारूगोळ्याचा सरकारी कारखाना आणि पुढे औद्योगिक वसाहत आली. बदलापूर मात्र मुख्यतः घराच्या शोधात आलेल्यांनी वाढवले. १९८२ च्या गिरणी संपानंतर आणि मुंबईत घर परवडेनासे झाल्यावर मराठी कुटुंबे एकेक स्थानक मागे सरकत गेली. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे ९८ हजार होती. २०११ मध्ये ती पावणेदोन लाखांच्या घरात पोचली. दहा वर्षांत पाऊणपट वाढ. ही वाढ पाळण्यातून झालेली नाही, टेंपोतून उतरलेल्या सामानातून झाली आहे.

१४/
आता नकाशा पाहा. अंबरनाथहून बदलापूर हे पुढचेच स्थानक. पण अंबरनाथ हा स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ असून तो कल्याण लोकसभेत मोडतो. बदलापूर मुरबाड विधानसभेत आणि भिवंडी लोकसभेत. म्हणजे एक स्थानक पुढे राहायला गेलेल्या माणसाचा आमदार बदलतो, खासदार बदलतो आणि नगरपरिषदही बदलते. उल्हासनगर महापालिकेची हद्दही एकाच विधानसभा मतदारसंघात मावत नाही. तिचे काही भाग शेजारच्या मतदारसंघांना जोडलेले आहेत. रोजची लोकल तीच, बाजार तोच, मुलांची शाळाही कदाचित तीच. मतदार म्हणून मात्र तो परगावी गेलेला असतो आणि बहुतेकदा त्याला त्याचा पत्ताही नसतो.

१५/
याचा ताण अलीकडेच दिसला. अंबरनाथ आणि बदलापूर नगरपरिषदांची आधीची निवडणूक २०१५ ची, उल्हासनगर महापालिकेची २०१७ ची. पुढची निवडणूक थेट डिसेंबर २०२५ आणि जानेवारी २०२६ मध्ये झाली. राज्य निवडणूक आयोग स्वतःची यादी करीत नाही. तो विधानसभेची यादी घेऊन ती प्रभागांत विभागतो आणि नावे नव्याने घेण्याचे वा वगळण्याचे अधिकार त्याच्याकडे नसतात. या वेळी १ जुलै २०२५ ची यादी आधार धरली होती. संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारकांची खूण करण्यात आली. ‘दुबार मतदार’ हा शब्द घरोघरी पोचला आणि तो बहुधा शिवीसारखाच वापरला गेला.

१६/
दुबार नावांमागे काही ठिकाणी लबाडी असेल. ती शोधून काढलीच पाहिजे. पण पुष्कळ दुबार नावे कशी जन्मतात, तेही पाहा. नव्या मतदाराचा अर्ज म्हणजे नमुना ६. नाव वगळण्यासाठी नमुना ७. पत्ता बदलल्यास नमुना ८. पूर्वी मतदारसंघ बदलला तर नमुना ६ च भरावा लागे. २०२२ पासून स्थलांतरासाठी नमुना ८ आहे आणि त्याने ओळखपत्राचा क्रमांक तोच राहून नाव नव्या जागी जाते. हा बदल किती जणांना ठाऊक आहे? नव्या सोसायटीच्या फाटकाशी लागलेल्या टेबलावर ‘नवीन नाव नोंदवा’ म्हटले की माणूस नमुना ६ भरतो. जुने नाव जिथे होते तिथेच राहते. गुन्हेगार जन्मला नाही, चुकीचा कागद भरला गेला.

१७/
दुसरे कारण अधिक भावनिक आहे : गावचे मत. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला खास गाडी करून गावी जाणारे अनेक जण या पट्ट्यात राहतात. भावकीचा पॅनेल, चुलत्याची प्रतिष्ठा, देवळाचा प्रश्न. हे सारे त्या एका मतात गुंतलेले असते. गावच्या यादीतून नाव कमी करणे म्हणजे मिरास सोडण्यासारखे वाटते. मी ही भावना हसण्यावारी नेणार नाही. पण तिचा परिणाम असा की वर्षाचे साडेअकरा महिने जिथले पाणी पितो, जिथल्या रस्त्यावरून चालतो, जिथे घरपट्टी भरतो, तिथल्या नगरसेवकाला आपली गरजच उरत नाही. मताशिवाय राहणारा रहिवासी हा आधुनिक उपरीच. फरक इतका की हे उपरेपण कधी कधी आपणच ओढवून घेतो.

१८/
यादीत चूक दोन प्रकारची असते. नसायला हवे ते नाव असणे, ही पहिली. असायला हवे ते नाव नसणे, ही दुसरी. पहिली चूक डोळ्यांना दिसते, तिची छायाचित्रे फिरतात, तिच्यावर मोर्चे निघतात. दुसरी चूक केंद्राच्या दारात एकट्या माणसाला कळते आणि तो मुकाट्याने घरी जातो. २०२५ मध्ये बिहारच्या विशेष सखोल पुनरीक्षणात प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावे गळली. त्यांतील सर्वांत मोठा गट, सुमारे ३६ लाख, मृतांचा नव्हता. तो ‘कायमचे स्थलांतरित किंवा न सापडलेले’ यांचा होता. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये ही नावे कारणांसह प्रसिद्ध करण्यास सांगितले. पत्ता बदलणे हेच नाव गळण्याचे सर्वांत मोठे कारण आहे, हे त्या आकड्यांवरून उघड होते.

१९/
मग विचारायला हवे : जे ३६ लाख एका जागेवरून गळले, ते दुसऱ्या जागेवर पोचले का? ‘स्थलांतरित’ या शब्दातच माणूस कुठेतरी जिवंत आहे आणि राहतो आहे, याची कबुली आहे. मृताचे नाव काढले की काम संपते. स्थलांतरिताचे नाव काढले की काम अर्धे होते. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लाल बाबू हुसेन प्रकरणात स्पष्ट केले होते की ज्याचे नाव आधी यादीत होते, त्याची बाजू ऐकल्याशिवाय आणि कारण दिल्याशिवाय ते काढता येणार नाही. सूचना जुन्या पत्त्यावर पाठवायची आणि उत्तर आले नाही म्हणून नाव काढायचे, हे या तत्त्वाचे पालन म्हणता येईल का? तो त्या पत्त्यावर नाही, हीच तर मूळ गोष्ट आहे.

२०/
इतर देशांनी काय केले? जर्मनीत घर बदलल्यावर नगरपालिकेत नवा पत्ता नोंदवणे सक्तीचे आहे आणि मतदारयादी त्या नोंदवहीतूनच तयार होते. मतदाराला वेगळा अर्ज करावा लागत नाही. कॅनडात १९९७ पासून कायमची मतदार नोंदवही आहे आणि प्राप्तिकराच्या विवरणपत्रावर संमतीची खूण केली की पत्ता आपोआप अद्ययावत होतो. अमेरिकेत १९९३ च्या कायद्याने नियम घातला की माणूस राहायला गेल्याचा संशय असेल तर आधी त्याला सूचना पाठवावी. उत्तर नाही आणि पुढच्या दोन राष्ट्रीय निवडणुकांत मतदानही नाही, तरच नाव काढावे. मार्ग तीन असले तरी भूमिका समान आहे : हलणारा माणूस हा अपवाद नाही, तो नेहमीचा मतदार आहे.

२१/
यावर एक गंभीर आक्षेप येईल. १९४८ मध्ये यादी कोरी होती, त्यामुळे विश्वास ठेवणे परवडले. आज जुनी नोंद शिल्लक असते आणि नुसत्या निवेदनावर नाव घेतले तर दुबार नावांचा पूर येईल. शिवाय प्रभागातील लढत काही मतांवर ठरते. हा आक्षेप मला पटतो, पण अर्धाच. आज १९४८ पेक्षा एक मोठी सोय आहे : ओळखपत्राचा क्रमांक. तो क्रमांक घेऊन माणूस नव्या पत्त्यावर निवेदन करील, त्याच क्षणी जुनी नोंद सापडू शकते आणि हलवता येते. निवेदनावरचा विश्वास आणि दुबार नावांना आळा हे परस्परविरोधी राहिलेले नाहीत. नाव ‘वगळा’ आणि ‘जोडा’ असे दोन व्यवहार न करता ‘हलवा’ असा एकच व्यवहार केला, तर दोन्ही साधते.

२२/
म्हणून माझी मागणी मोजकी आहे. एक : ‘स्थलांतरित’ या कारणाने नाव काढण्यापूर्वी ते नाव कुठे हलले, याचा शोध घेणे ही नोंदणी अधिकाऱ्याची जबाबदारी मानावी. दोन : महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, घरमालक भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यातही देतो. म्हणजे आपण घर बदलल्याचे शासनाला आधीच कळलेले असते. त्या करारासोबतच नमुना ८ चा पर्याय द्यावा. मात्र तो पर्यायच असावा, सक्ती नव्हे. नव्या घराचा पत्ता कोणाला कळावा, हे ठरवण्याचा हक्क माणसाकडे राहिला पाहिजे. छळातून सुटून आलेल्या स्त्रीसाठी तर हा जिवाचा प्रश्न असतो.

२३/
तीन : वगळलेल्या नावांची यादी कारणासह प्रत्येक केंद्रावर, सोसायटीच्या फलकावर लावावी आणि ती मराठीसोबत त्या वस्तीच्या भाषेतही असावी, उल्हासनगरात सिंधी आणि हिंदी हवीच. चार : धोकादायक म्हणून रिकामी केलेल्या इमारतींतील मतदारांचा विचार स्वतंत्र गट म्हणून करावा. महापालिकेची नोटीस हाच त्यांच्या तात्पुरत्या अनुपस्थितीचा पुरावा मानावा, कारण तात्पुरत्या अनुपस्थितीने रहिवासित्व संपत नाही, असे कायदाच म्हणतो. पाच : लग्नानंतर सासरी आलेल्या मुलींकडे विशेष लक्ष द्यावे. आपल्या देशात स्त्रियांच्या स्थलांतराचे सर्वांत मोठे कारण विवाह आहे. माहेरच्या यादीतून नाव गेले आणि सासरच्या यादीत आले नाही, तर १९५२ चे २८ लाख आपण नव्या रूपात घडवत राहू.

२४/
आणि आपले काम? तुमच्यापैकी अनेक जण पहिल्यांदा किंवा दुसऱ्यांदा मत देणार आहात. शिक्षणासाठी पुण्यात, नोकरीसाठी ठाण्यात, घर बदलापुरात, आजोळ कोकणात. यांतले ‘सर्वसाधारण’ राहते घर कोणते, हे स्वतःला विचारा. नाव हलवायचे असेल तर नमुना ६ नको, नमुना ८ भरा. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर या चार अर्हता दिनांकांमुळे नव्याने अठरा वर्षांचे झालेल्यांना वर्षभर थांबावे लागत नाही. शंका असेल तर १९५० हा निःशुल्क क्रमांक आहे. घरातील आजी-आजोबांची, नव्याने आलेल्या वहिनीची आणि शेजारच्या भाडेकरूची नावेही एकदा तपासून पाहा. इतिहास आवडणाऱ्या माणसाला यादी वाचण्याचा कंटाळा नसावा.

२५/
गोतसभेत उपऱ्याला जागा नव्हती. १९३७ च्या यादीत भाडेकरूला सहजी जागा नव्हती. १९४८ मध्ये घरदार हरवलेल्या माणसालाही ‘मी इथे राहणार’ एवढ्या शब्दांवर जागा मिळाली. ही चढण आपण चढून आलो आहोत. यादी शुद्ध करण्याच्या उत्साहात ती उतरू नये, एवढेच म्हणणे आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या शहरांत आपण सारेच कुठून ना कुठून आलेले आहोत. तुमच्या घरात पहिले मत कोणी, कोणत्या गावी, कोणत्या केंद्रावर दिले, हे ठाऊक असेल तर खाली अवश्य लिहा. आणि सध्या तुमचे नाव कोणत्या गावच्या यादीत आहे, तेही.